सीटवरचा रुमाल

प्रिय सुविधा,

काल मी फोन मध्येच ठेवला. दारात कोणी आलंय म्हणालो. कोणी आलं नव्हतं.

पेडण्यात सगळं ठीक आहे. पदेर अजून सकाळी सायकलचा भोंपू वाजवत पाव घेऊन येतो. तुझी आई अजून तीन उंडे घेते, एक उरतो. तू उंडो कधी दातांनी तोडला नाहीस. हातानं मोडायचीस, मऊ गर उजव्या बाजूनं चावायचीस, आणि हसताना तोंडावर हात धरायचीस. लग्नाच्या फोटोतही तो हात आहे.

तू सात वर्षांची असताना तुझी डावीकडची खालची दाढ किडली. म्हापशाच्या डॉक्टरांनी ती काढली. तिच्यामागे कायमची दाढ नुकतीच वर आली होती. माझ्या खांद्यावरची कंडक्टरची पिशवी बघून ते म्हणाले, “दुदाची दाढ म्हणजे सीटवरचो रुमाल. उचललो काय शेजारचो सरकान बसता. मागीर ज्याची जागा, तो उबोच.” रिकाम्या जागी तारेची पट्टी बसवायला त्यांनी आठवड्यानं बोलावलं. मी हसलो. घरी तुझ्या आईला सांगितलं, काही करायचं नाही, दुधाचीच ती. ड्युटी बदलून घ्यायचा मला कंटाळा होता. इतकंच कारण. दुसरं मी पुष्कळ शोधलं.

मागची दाढ पुढे कलली. बाराव्या वर्षी नव्या दाताला जागा उरली नाही, तो जिभेकडे उगवला. वरचे-खालचे दात एकमेकांवर बसेनात. गणपतीच्या चवथीला आत्या तुझी हनुवटी धरून म्हणाली, “आवशीचोच जबडो गो ह्या चेडवाचो!” सगळे हसले. तुझी आईही हसली. मग कितीतरी दिवस ती आरशासमोर स्वतःचा जबडा चाचपत राहिली. आत्या बोलली तेव्हा मी जेवत होतो. जेवत राहिलो.

काल फोनवर तू माझ्या नातीचं सांगितलंस: कोमलची दाढ किडलीय, शनिवारी वास्कोतच काढून टाकते, दुधाचीच तर आहे. ते वाक्य माझं आहे, सुविधा. आज सकाळी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिनं हातातला उंडो खाली ठेवला. मग म्हणाली, “पंचवीस वर्सां माका आरशात बघूक लायलास.” दाढ वाचत असेल तर वाचव. काढावीच लागली, तर पट्टीचं विचारल्याशिवाय तिथून उठू नकोस. मी शनिवारी पहिल्या बसनं येतो. तुला चालणार असेल, तर कोमलच्या शेजारी माझ्यासाठी रुमाल टाकून ठेव.

तुझाच,
बाबा