इस्त्री केलेलं शीड

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या भावाचा लांबूनच नमस्कार. साष्टांग घातला असता, पण आमच्या बैठकीच्या खोलीत सध्या तुझ्या बोटीचं मोठं शीड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं आहे आणि त्यावर पाय ठेवायला सक्त मनाई आहे (मनाई मीच केली आणि आतापर्यंत ती फक्त मीच मोडली). तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून दम लागतो का? लेकीकडे राहतेस म्हणजे सगळं हातात मिळत असेल, पण सगळं हातात मिळायला लागलं की तुझी चिडचिड होते हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा काळजीनेच विचारतो. इकडे आम्ही खुशाल. तुझ्या भावजयीची तब्येत ठणठणीत आहे, फक्त माझ्याशी बोलणं थोडं कमी झालं आहे. तिला स्वयंपाकघरातून दारापर्यंत भिंतीला पाठ लावून जावं लागतं, त्याचा तो परिणाम असावा.

आता मुद्द्याचं. तुझं मागचं पत्र, ज्यात तू ‘बोट मोडीत काढ, मला तिचा विषयही नको’ असं लिहिलं आहेस, ते मला मिळालंच नाही असं मी ठरवलं आहे. टपालाचं काही सांगता येत नाही. बोटींच्या आवाराच्या मालकाने जागा विकायला काढली आहे हे मात्र खरं. वसंत सरायच्या आत ज्यांच्या बोटी हलणार नाहीत, त्या फळ्यांच्या भावाने जातील असं त्याने मला तोंडावर सांगितलं, आणि सांगताना तुझ्या बोटीच्या फळ्यांकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं ती मला अजिबात आवडली नाही. भावोजी गेल्यापासून ती ताडपत्रीखाली तशीच पडून आहे, तूही दक्षिणेला निघून गेलीस आणि परत पाण्याकडे पाहिलं नाहीस. म्हणून मी असं ठरवलं की थंडी ओसरली की बोट पाण्यात उतरवायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने, घाई न करता, तुझ्या बंदरात आणून उभी करायची. मी आणि हिचा भाऊ, असे दोघे खलाशी. (हसून झालं की पुढे वाच.)

सगळा हिवाळा आखणीत गेला. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा आखणीचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. निवृत्त होताना शाळेने मला वर्गातला मोठा भिंतीवरचा नकाशा भेट दिला होता (नवा घेतला होता, जुन्याचं काय करायचं हा प्रश्न होता). तो मी जेवणाच्या टेबलाच्या वर टांगला. त्यावर आपल्या बंदरापासून तुझ्या बंदरापर्यंतचं अंतर माझ्या करंगळीच्या एका पेराएवढं भरतं, त्यामुळे सुरुवातीला माझा उत्साह दांडगा होता. या नकाशात कोळसा कुठे निघतो, गहू कुठे पिकतो, मेंढ्या कुठे चरतात, सगळं चित्रांसकट दाखवलेलं आहे. पाण्यात मात्र फक्त ‘समुद्र’ असं लिहिलं आहे आणि तेही इतक्या मोठ्या अक्षरांत, की आमचा निम्मा प्रवास ‘मु’च्या पोटातूनच होतो. हिने एकदा भात वाढता वाढता विचारलं की यात खडक कुठे दाखवले आहेत. मी म्हटलं, खडक वरच्या इयत्तेला आहेत. दुसऱ्याच दिवशी ती बंदरावरच्या कचेरीत जाऊन खऱ्या खलाशांचा नकाशा घेऊन आली. ताई, तो नकाशा मी एकदाच उघडला. त्यात इतके खडक, इतक्या बुडालेल्या बोटी आणि इतके बारीक आकडे आहेत की समुद्राला जागा कुठे उरली असेल असा मला प्रश्न पडला. मी त्याची नीट घडी घातली आणि पुन्हा मेंढ्यांकडे वळलो.

हिचा भाऊ तुला ठाऊकच आहे. लोकांचं घरसामान बांधून एका घरातून दुसऱ्या घरात नेणं हा त्याचा धंदा, आणि त्या धंद्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. आख्खं घर एका टेंपोत बसवतो आणि वर कुत्र्याला बसायला जागा ठेवतो. त्याने बोट पाहिली, कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, सामान भरायचं काम माझ्यावर सोडा. मी सोडलं. दोन दिवस तो आत होता, बाहेर नुसते आवाज येत होते. मग त्याने मला अभिमानाने आत बोलावलं, म्हणजे बोलावण्याचा प्रयत्न केला, कारण आत शिरायला जागाच नव्हती. पाण्याचे डबे, कांदे, दोर, गाद्या, कंदील, सगळं विटा रचाव्यात तसं छतापर्यंत रचलेलं, कुठे बोट घालायला फट नाही. काचेच्या बरण्यांवर ‘सांभाळून’ अशी चिठ्ठी आणि खुद्द बोटीच्या एका अंगाला ‘ही बाजू वर’ असं खडूने लिहिलेलं. (बोट समुद्रात आहे तोवर ही सूचना कायम पाळली जावी असं मलाही वाटतं.) मी कौतुक केलं आणि सहज विचारलं की नांगर कुठे ठेवला. तो म्हणाला, अगदी तळाला. जड सामान आधी चढवायचं असतं, वजन खाली राहिलं की गाडी कलत नाही. मी म्हटलं, अरे पण नांगर एकदम लागतो. वादळात वगैरे. त्यावर त्याने थोडा विचार केला आणि मला समजुतीच्या सुरात सांगितलं की आदल्या दिवशी कळवलंत तर काढून ठेवीन.

एक गोष्ट मात्र मी त्याला बांधू दिली नाही. भावोजींची टोपी अजून आतल्या खिळ्यावर तशीच लटकते आहे. तो ती खोक्यात घालायला निघाला होता, मी त्याच्या हातातून घेतली आणि परत खिळ्याला लावली. सगळ्या बंदराला वाटायचं की टोपी भावोजींच्या डोक्यावर म्हणजे कप्तान तेच. आणि भावोजी बिचारे सगळा वेळ खाली चहा करत बसलेले, वर सुकाणू तुझ्या हातात, आणि तुझा आवाज दीपस्तंभापर्यंत. धक्क्यावर उभं राहिलं तरी ऐकू यायचं, दोर ढिला सोडा म्हटलं ना, आणि त्यांचं खालून शांतपणे, साखर किती? ताई, खरं सांगतो, ती टोपी परत लावताना मला फार आठवण आली त्यांची. तुझीही आली. मी जरा वेळ कांद्यांवर बसून राहिलो.

असो. तर शीड. शिडाला एका कोपऱ्यात उंदराने भोक पाडलं होतं, म्हणून मी ते आपल्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे दिलं. हा शाळेचे गणवेश शिवतो, हात फार सफाईदार. मी त्याला फक्त भोक दाखवलं आणि आवारात निघून गेलो (हे लक्षात ठेव, मी तिथे नव्हतो). संध्याकाळी परत येऊन पाहतो तर काय, भोकाला सुरेख ठिगळ, पण शीड सपाट! टेबलावरच्या चादरीसारखं सपाट! वर कडक इस्त्री! शिडाला मधे जे पोट असतं, ज्यात वारा भरतो आणि ज्यामुळे बोट मुळात चालते, ते पोट त्याने चुण्या घालून आत घेतलं होतं. त्याचं म्हणणं, कापड मधे फार झोळत होतं, कोणीतरी मापात चूक केली असणार, आता कसं अंगाबरोबर बसेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण गणवेशाच्या माणसाशी काय भांडणार? त्याच्या दृष्टीने त्याने समुद्राला शाळेत जाण्याजोगं केलं होतं.

तरी आम्ही हातपाय गाळले नाहीत. गेल्या रविवारी चाचणी घेतली. बोट अजून जमिनीवरच आहे, लाकडी टेकूंवर, पण डोलकाठी उभी आहे, तेव्हा म्हटलं शीड चढवून तर पाहू. वारा झकास होता. आवाराच्या मालकाची बायको पलीकडे कपडे वाळत घालत होती, तिच्या उशांचे अभ्रे टम्म फुगून फडफडत होते आणि आमचं शीड मात्र हेडमास्तरांसमोर उभं राहावं तसं ताठ. वारा येई, त्याच्याकडे बघे आणि बाजूने निघून जाई. त्या बाईने शेवटी दया येऊन एक अभ्रा देऊ का असं विचारलं. मला तर वर उभ्या उभ्याच मळमळायला लागलं. बोट जमिनीवर होती, एक तसूभरही हलली नव्हती, तरी मला बोट लागली. हिच्या भावाने मला खांद्यावर टाकून शिडीवरून खाली आणलं (कपाट उतरवावं तसं, कोपरे सांभाळून) आणि ताज्या हवेत ठेवलं.

तर अशी आमची तयारी आहे. थंडी ओसरत चालली आहे, आवारातल्या बाकीच्या बोटी एकेक करून जात आहेत आणि आता तुझ्या बोटीच्या दोन्ही बाजूंना नुसती मोकळी जागा आहे. आम्ही निघालो की कळवीनच. तू धक्क्यावर येऊन उभी राहिलीस तर बरं वाटेल, गुडघे दुखत असतील तर खुर्ची घेऊन ये. लेकीला आणि जावयांना नमस्कार सांग, नातीला पापा.

तुझा (निदान कागदावर तरी) आज्ञाधारक
धाकटा भाऊ

ता. क. खलाशांच्या नकाशाची, तुझ्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली एक जुनी प्रत बोटीतच सापडली. एका खडकापाशी तू ‘इथे हे चहा सांडतात’ असं लिहून ठेवलं आहेस. तो खडक टाळायचा की तिथे चहा करायचा नाही, ते कळव.

ता. क. दुसरा. ते शीड तू आणि भावोजींनी आमच्याच या बैठकीच्या खोलीत बेतलं होतं, आठवतं? तू तोंडात खडू धरून जमिनीवर पालथी पडली होतीस आणि पोट कुठे किती ठेवायचं ते फक्त तुलाच कळत होतं. शिंप्याच्या चुण्या उसवून ते पुन्हा जसंच्या तसं करणं माझ्या आवाक्यातलं नाही, आणि कुठल्या पुस्तकातही तसं काही मिळालं नाही. रेल्वेने आलीस तर दुपारपर्यंत पोचतेस. नुसतं शीड लावून दे आणि परत जा, मी आग्रह करणार नाही. पण आता आलीच आहेस तर परत जाताना रेल्वेनेच गेलं पाहिजे असं काही नाही. बोटही तिकडेच चालली आहे. सुकाणू तू धर, चहा मी करीन. टोपी कोणी घालायची ते वाटेत ठरवू.

ताई, नमस्कार. खाली थोडी जागा उरली आहे म्हणून मी लिहिते (वन्सं म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून ताईच). पत्र पाकिटात घालायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाचायचं कामही ओघाने आलं. ह्यांनी शिंप्याबद्दल जे लिहिलं आहे त्यावर विश्वास ठेवू नका, तो बिचारा निरपराध आहे. मी तिथे होते. तो सारखा सांगत होता, साहेब, कापड मुद्दाम असं बेतलेलं दिसतंय, ह्याला हात लावू नका. आणि हे हातात खडू घेऊन उभे, म्हणाले, घाला चुण्या, नुसत्या भोकासाठी माझी बहीण येणार नाही. शिंपी शहाणा आहे, त्याने सगळे टाके कच्चे घातले आहेत, एक दोरा ओढला की शीड पहिल्यासारखं मोकळं होतं. ह्यांना ते माहीत नाही, तुम्हीही माहीत असल्याचं दाखवू नका. या, सावकाश एकेक टाका उसवा, आठवडा काढा. आणि ओरडा ह्यांच्यावर, दीपस्तंभापर्यंत ऐकू जाईल असं. त्यासाठीच तर चाललंय हे सगळं.