पोट बघून, पान बघून नाय

बाबा,

काल पार्सेला जाऊन आले. आईच्या काजूच्या बागेत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून काजूचे बोंडू पिकतात ते तीन महिने ती तिथल्या खोपीतच काढते. टेकडीवर वीज नाही, म्हणून दादाने सोलर बसवून दिलाय. पॅनल, त्याचा करंट बॅटरीला मापात देणारा कंट्रोलर आणि पावाच्या पेटीएवढी लिथियमची बॅटरी. त्यावर एक दिवा, एक पंखा आणि आईचा फोन. फोन एवढा म्हातारा झालाय की तार लावलेली असली तरच बोलतो. गेल्या वर्षी आईला बागेत चक्कर आली, तेव्हापासून दादाचा एकच धोशा: दुपारी फोन लागला नाही तर तिला पाळी गावातल्या आपल्या घरी आणून बसवायची आणि बाग दुसऱ्याला कसायला द्यायची. यंदा नेमका दुपारचाच फोन लागेना. परवा दादा कारापूरला माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, उद्या गाडी घेऊन जातो, तिचं सामान खाली आणतो. मी म्हटलं, मीपण येते, आधी मला बघू दे. लोकांच्या घरांवर सोलर लावत फिरायचं आणि स्वतःच्या आईला दिव्यावाचून खाली उतरवायचं, हे मला जमणारं नव्हतं. आणि बाग सुटली की आईचं काय होईल, हे दादाला कळत नसलं तरी मला कळतं. पाळीच्या घरी ती दारापुढच्या बाल्कांवाच्या कोपऱ्यात बसून राहते आणि चार दिवसांत तिचा आवाज बारीक होतो.

आम्ही बेकरीतले उंडे पाव घेऊन गेलो होतो. आईने चहा केला, सामानाचं नावच काढलं नाही. बोंडूंतून बिया पिळून काढताकाढता म्हणाली, "ऊन पडला की पंखो मरता गो. ढग इले की फिराक लागता." दादा हसला. सोलर उन्हात मरतो आणि ढगांत चालतो, असं कोण ऐकणार? आईला वयामुळे भास होतात, असंच त्याने धरलं होतं. मला हसू आलं नाही. मला तुमचं दुकान आठवलं.

खाणीच्या ट्रकांचा रस्ता, सगळ्यांवर ती लाल धूळ, आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग. मी बावीस वर्षांची, आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन नुकतीच तुमच्या हाताखाली आलेली, आणि नाक आभाळाला लागलेलं. तुम्ही जेवायला घरी गेलाय. एक ड्रायव्हर घाई करतोय, खेप चुकेल म्हणतोय. मी चार्जरचा खटका शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवते. चांगला मोठा चार्जर आहे, देतोय तेवढं दे की! तासाभराने बॅटरी कढीसारखी उकळते, तिची कूस फुगते, ॲसिडच्या वासाने घसा धरतो. तुम्ही येता, आधी खटका बंद करता, आणि मग त्या ड्रायव्हरसमोर मला म्हणता, "पोट बघून वाढूचा असता, पान बघून नाय. बॅटरीर काय लिवलाहा ता आधी वाच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस मी दुकानाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा काट्याचा मीटर, त्या काळ्या पिशवीसकट, माझ्या ताटाशेजारी ठेवलात आणि जेवायला बसलात. तो मीटर अजून मीच वापरते. दुकानात नवे आकडेवाले आहेत, पण हा काटा खोटं बोलत नाही.

काल तोच लावला. तुमच्या शिस्तीने, आधी पॅनल सोडवलं, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. ढगांत पंखा मंदावतो म्हणून दादाने यंदा दुसरं पॅनल चढवलं होतं. ऊन डोक्यावर आलं आणि काटा बावीसवर गेला. बॅटरीच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पंधरा ॲम्पिअरच्या वर नको. बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढाच करंट द्यायचा, हा तुमचा नियम हिला लागू नाही, ही जात वेगळी, हिला भूक जास्त. पण हिलाही मर्यादा आहेच. जास्त आलं की ही बया तोंड मिटून घेते, कंट्रोलर गोंधळतो आणि पंखा, दिवा, फोन सगळं एका दमात बंद. ढग आले की तेवढं येतच नाही, म्हणून चालतं. आईचं अक्षर न् अक्षर खरं होतं. मी तीस ॲम्पिअरचा कंट्रोलर उतरवला आणि दहाचा लावला. दोन पॅनल त्याला झेपतात, हे वाचूनच नेला होता. त्यावर लिथियमचं सेटिंग केलं. आता ढगांत दोन्ही पॅनल कामाला येतील आणि उन्हात तो दहाच्या वर एक दाणा वाढणार नाही. भर दुपारी दादाला टेकडीखाली पाठवला आणि फोन करायला लावला. पंखा फिरत होता. फोन वाजला. आईने तो कानाला लावला, "जेवलंस?" म्हणून विचारलं आणि पुन्हा बोंडूंकडे वळली. दादा वर आला तो सामान बांधायला आणलेली दोरी गाडीतून न काढताच. आई यंदा तिथेच राहणार.

पण बाबा, तो वर आल्यावर मी त्याला आईसमोर तुमचंच वाक्य ऐकवलं. पोट बघून, पान बघून नाय. अगदी तुमच्या आवाजात. तो एवढंच म्हणाला, "चुकलं माझं." त्याने मला आठवण करून दिली नाही. कदाचित तो विसरला असेल, कदाचित आईसमोर मला वाचवलं असेल. दिवाळीनंतर त्याने फोन केला होता, दुसरं पॅनल लावू का म्हणून. मी एका गिऱ्हाइकाच्या छपरावर होते. म्हटलं, लाव की, कंट्रोलर तीसचा आहे, आरामात झेपेल. बॅटरीवर काय लिहिलंय, ते मी विचारलंच नाही.

हे त्याला सांगायला हवं. म्हणून लिहायला बसले, आणि लिहिलं तुम्हाला. आता हा कागद घडी करून मीटरच्या काळ्या पिशवीत ठेवते. त्या पिशवीला दादा कधी हात लावत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.