बबिताचे अकरा दिवस

माननीय डॉक्टर सत्यशीलाताई यांस,
वडवणीहून शिवशंकर मास्तरांचा सविनय नमस्कार.

आपल्या यकृत-संशोधनाच्या प्रश्नावलीत विचारले होते की, डोळे पिवळे दिसल्यापासून किती दिवसांनी रुग्णास इस्पितळात आणले? माझ्या मुलीसाठी, बबितासाठी, मी 'तीन' असे लिहिले. ते असत्य आहे. अकरा दिवस गेले होते.

आमच्याकडे काविळीवर माळ देतात. गावातल्या वैदू सटवाने ती बबिताच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, माळ लांबून कमरंपतुर आली की कावीळ गेली समजा." माळ रोज लांबत होती आणि मी ती फूटपट्टीने मोजत होतो. अकराव्या दिवशी माझा मुलगा रामेश्वर म्हणाला, "बाबा, माळ वाढायलीय, पर ताई मला वळखंना." तेव्हा कुठे गाडी काढली.

तोवर बबिताचे यकृत निकामी झाले होते; रामेश्वरने बहिणीस आपले निम्म्याहून अधिक यकृत दिले. तीन महिन्यांनी आपण पडद्यावर दाखवलेत, तेव्हा त्याच्यात उरलेला भाग वाढून जवळजवळ पूर्ववत झाला होता. बबिताच्या पोटातला तुकडाही वाढला होता. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, हे आपल्या लक्षात आले असेल. ही वाढ नेमकी कुठे थांबायचे हे कशी ओळखते, असे मी विचारले. आपण म्हणालात, "ते आम्हीही अजून शोधतोय, गुरुजी." एवढ्या सहजपणे 'ठाऊक नाही' म्हणणे मला चाळीस वर्षांच्या अध्यापनात साधले नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. उद्या तपासणीस बबिताबरोबर येतो आहे. तो 'तीन' तिच्यादेखत खोडीन. मी तिला लगेच आणले, असे ती अजूनही सर्वांना सांगते.

आपला ऋणाईत,
शिवशंकर