मिठागरावरून पाकलिकना निरोप

रेंबांग, मंगळवार दुपार

आदरणीय बुलिक लास्मी मावशी यांना,

अस्सलामु अलैकुम. तुमच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून नमस्कार करते. (उजवा गुडघा अजून दुखत असेल तर डोकं फक्त डाव्यावर टेकवलं आहे असं समजावं.) तुमची तब्येत, पाकलिक तुकिरान काकांचा खोकला आणि परसातल्या मिरच्या, तिन्ही ठीक असोत. मिरच्यांची चौकशी मी उगाच करत नाही, पण ते पुढे येईल. मी ठणठणीत आहे. उन्हाने तव्यासारखी काळी झाले आहे, तेव्हा आईला माझा फोटो दाखवू नये. फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही स्वतःचा फोन तांदळाच्या डब्यात ठेवता आणि पाकलिकांचा फोन पाकलिक उचलतात, हे त्याचं कारण. आमचं बोलणं बंद आहे हे तुम्हाला माहीत आहेच. धाकट्या दादाच्या लग्नात पडू नये म्हणून त्यांनी मंत्र घालून पाऊस बांधला, आणि तो कोसळला तेव्हा मांडवात केळीचं पान डोक्यावर धरून सगळ्यांत आधी तेच पळाले. मी हसले, पण तेव्हा नवरीसुद्धा हसली होती; राग मात्र माझ्यावर. असो. ब्लोराला येणाऱ्या मिनीबसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्या हाती हे पाठवते.

माझं काम उत्तम चाललं आहे हे आधी सांगते, कारण आई तुम्हाला उलटं सांगत असेल. तिला वाटतं चित्रपट काढते म्हणजे मुलगी नट्यांबरोबर फिरते. बुलिक, माहितीपट काढणं म्हणजे बसणं. मी मिठागराच्या बांधावर बसते, शेजारी माझा कॅमेरामन योसेप बसतो (तो फ्लोरेस बेटावरचा, त्याला इथलं सगळं जेवण गोड लागतं आणि तो ते तोंडावर बोलतो), आणि समोर पाक सारपान नावाचा मीठवाला काळ्या प्लास्टिकवर समुद्राचं पाणी वाळत घालतो. पाणी वाळतं आणि आम्ही त्याचं चित्रण करतो. संध्याकाळी दिवसभराचं चित्रण दोन ठिकाणी उतरवून ठेवायचं आणि बॅटऱ्या चार्ज करायच्या. त्या चार्ज होतात पाक सारपानच्या स्वयंपाकघरात, आणि त्यांची बायको बु जुमिराह भात लावायच्या वेळी आमची पिन काढून भाताची लावतात, त्यामुळे भात नेहमी पूर्ण शिजतो आणि बॅटरी अर्धी. तरी माझी तक्रार नाही. माझा एकच नियम आहे, तो मी शहरातल्या मुलांना शिकवतेसुद्धा: समोरच्या माणसाला काहीही करायला सांगायचं नाही. पुन्हा चालून दाखवा नाही, जरा इकडे बघा नाही. जे होईल ते होईल.

आता हा नियम पाळावा कसा, ते या माणसांनी मला शिकवलं. पाक सारपान पहिल्या दिवशी मिठात उतरले ते बाटिकचा कडक शर्ट आणि लग्नातली काळी टोपी घालून. मी फक्त विचारलं, पाक, रोजचा शर्ट नाही का? ते "हो हो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुसरा बाटिक घालून आले. शेवटी योसेपने त्यांचा फाटका शर्ट दोरीवरून काढून त्यांच्या हातात दिला (हे सांगण्यात मोडत नाही, देण्यात मोडतं, म्हणून नियम शाबूत). तो घालून त्यांनी अर्धा दिवस काम केलं. बु जुमिराहना रात्री झोप लागली नाही. जकार्ताचे लोक म्हणतील, सारपानच्या बायकोला सुई धरता येत नाही. सकाळी तो शर्ट धुऊन, इस्त्री करून, खांद्याचं भोक शिवून हजर. त्यामुळे आता माझ्या चित्रपटात हा माणूस भोक घेऊन वाफ्यात उतरतो आणि भोकाशिवाय बाहेर येतो. बरं, ही एकच गोष्ट नाही. वाफ्यात पाणी चढवणारी पवनचक्की कुरकुरायची. ती कुरकुर म्हणजे माझ्या चित्रपटाचा जीव. मी डोळे मिटून ती ऐकत बसायचे. पाक सारपानना वाटलं बिचारीला त्रास होतोय, आणि त्यांनी चक्कीला तेल घातलं. आता ती लोण्यासारखी फिरते. आणि बोलणं विचारू नका. एरवी हा माणूस खाडीपलीकडच्या मेव्हण्याला इथून शिव्या घालतो, पण कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की गावच्या सचिवासारखा बोलतो: "सदर प्रसंगी आम्ही समस्त मीठ उत्पादक बंधुभगिनी आपले आभारी आहोत." लाल दिवा विझला की, "म्बाक निंग्रुम, चहा घ्या हो, निवला." हे चहाचं मला चित्रपटात हवं आहे, आणि ते कधीच मिळत नाही.

तरी सगळं छान चाललं होतं. मग जकार्ताहून आमच्या सल्लागार बाईंचा फोन आला. (चित्रपटाला मदत देणाऱ्यांनी नेमलेल्या बाई आहेत. मीठ त्यांनी बाटलीतलंच पाहिलंय.) त्या म्हणाल्या, सगळं सुंदर आहे, पण संकट कुठे आहे? एक माणूस पाणी वाळवतो आणि ते वाळतं, यात बघायचं काय? मी खमकी आहे हे तुम्ही जाणता. मी ठणकावून सांगितलं, संकट येणार आहे, हंगामाच्या शेवटी पाऊस येणार, मीठ डोळ्यांदेखत विरघळणार, आणि ते मी टिपणार. बाई खूश झाल्या. मीही खूश झाले. मग जेवायला बसले तर बु जुमिराहनी माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला आणि स्वतः शेपटी घेतली, आणि मला कळलं की मी यांच्या घरी बसून यांच्या मिठावर पाऊस मागते आहे. त्या दिवशी जेवण गेलं नाही, बुलिक. योसेपने माझा तुकडा खाल्ला आणि गोड आहे म्हणाला.

तरी मी स्वतःची समजूत घातली की पाऊस काही माझ्या मागण्याने येत नाही, आणि मीठवाल्याला आभाळ माझ्यापेक्षा जास्त कळतं, ढग दिसले की तो मीठ उचलेल. इथेच माझा अंदाज चुकला. गेल्या आठवड्यात दक्षिणेकडे ढग जमायला लागले. वाऱ्याची दिशा फिरली. दर वर्षी या वाऱ्याबरोबर सगळ्या आगरांतून कावडी निघतात आणि मीठ कोठारात जातं, असं मला पाक सारपाननीच लाल दिव्यासमोर समस्त बंधुभगिनींच्या वतीने सांगितलं होतं. यंदा कोणी हललं नाही. मीठ वाफ्यांत तसंच, दाणा जाड होत चाललेला (जाड मिठाला भाव जास्त), आणि पाक सारपान बांधावर बसून विडी ओढतायत. शेजारच्या आगरांतही तेच. मी एक दिवस पाहिलं, दोन दिवस पाहिलं, मग नियम गुंडाळून विचारलं, पाक, मीठ का उचलत नाही?

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच गंमत करते आहे. म्हणाले, "तुम्ही आहात ना, म्बाक. शूटिंगवाले कुठे पाऊस बांधल्याशिवाय येतात?"

बुलिक, तेव्हा मला सगळा उलगडा झाला. मागे इथे किनाऱ्यावर कुठल्या मालिकेचं काम झालं होतं, त्यांनी पाऊस बांधणारा आणला होता आणि त्या दिवसांत थेंब पडला नाही. म्हणजे शूटिंग आहे तोवर पाऊस नाही, हे गावाने पक्कं धरलं. त्यात पहिल्या दिवशी चहा पिताना मी बढाई मारली होती की माझे पाकलिक ब्लोरातले नामांकित पाऊस बांधणारे आहेत. (लग्नाचा भाग मी सांगितला नव्हता, तेव्हा पाकलिकांनी माझे उपकार मानावेत.) तर ही सगळी माणसं माझ्या भरवशावर मीठ जाड करत बसली आहेत, आणि मी त्यांच्या शेजारी बसून पावसाची वाट बघते आहे. या शेवटच्या मिठावर त्यांचे पावसाळ्याचे सगळे महिने निघतात. तेव्हा मी खरं सांगून टाकलं. आम्ही कोणालाही आणलेलं नाही, पाऊस कोणी बांधलेला नाही, मीठ उचला. पाक सारपान समजूतदारपणे हसले. खरी जाणकार माणसं असंच म्हणतात, गाजावाजा करत नाहीत, म्हणाले. बु जुमिराहनी तर परसातल्या लाल मिरच्या आणि कांदे पुडीत बांधून दिले, पाऊस बांधायला तुमच्या पाकलिकना कमी पडायला नकोत म्हणून. पुडी पत्रासोबत आहे.

पण मी हार मानणारी नाही. काल मला उपाय सुचला. या लोकांना मीठ उचला म्हटलं तर ते हसतात. पण चित्रपटाला हवंय म्हटलं की शर्टाचं भोकसुद्धा शिवतात. मी सगळीकडे निरोप धाडला: उद्या, बुधवारी सकाळी, चित्रपटाचं शेवटचं दृश्य आहे, सगळ्या आगरांतलं मीठ कावडींनी कोठारात जाताना हवं आहे. सगळे एका पायावर तयार झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी चित्रपटासाठी माणसांना काही करायला सांगितलं. योसेप म्हणाला, आता तुझा नियम गेला. मी म्हटलं, गेलेला नाही. कॅमेरा बंदच ठेवायचा. खोटं दृश्य मी घेणार नाही, फक्त करवून घेणार आहे.  माझ्या चित्रपटाचं संकट मी स्वतःच्या हाताने कोठारात भरते आहे हे मलाही कळतं, पण सल्लागार बाईंचं मी बघून घेईन. एकूण सगळं व्यवस्थित आहे, काळजी नसावी. गुडघ्याला कोमट तेल लावावं.

तुमची भाची,
निंग्रुम

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. ढग आज दुपारीच डोक्यावर आले आहेत आणि दृश्य उद्या आहे. पाकलिकना सांगून उद्या संध्याकाळपर्यंत पाऊस धरून ठेवता येईल का? माझा विश्वास नाही हे त्यांना माहीत आहे, तेव्हा माझं नाव घेऊ नये. पाक सारपान विचारतायत म्हणावं. लग्नात त्यांचं थोडं जमलं होतं असंही हवं तर म्हणावं. जेवणं होईपर्यंत कोरडंच होतं.

ता. क. (बुधवार) काल ड्रायव्हर पत्र न घेताच गेला, म्हणून हे अजून माझ्याकडेच आहे. दृश्य पार पडलं. सगळे पुरुष बाटिकचे शर्ट घालून आले, बायकांनी बांगड्या घातल्या, आणि योसेप बंद कॅमेरा खांद्यावर घेऊन इतका धावला की मलाच दोनदा वाटलं चालू आहे. वाफा न् वाफा रिकामा झाला. घामाने निथळत पाक सारपान माझ्याकडे आले आणि म्हणाले, मधे माझा मेव्हणा आडवा आला, दृश्य बिघडलं असेल. मीठ परत वाफ्यात टाकून पुन्हा उचलू का? मी त्यांना जवळजवळ हात जोडले. पण आता एक वेगळीच पंचाईत आहे. ढग पांगले. आभाळ धुतल्यासारखं निळं, रिकाम्या वाफ्यांवर कडक ऊन, आणि आणखी चार दिवस राहिलं असतं तर मीठ किती जाड झालं असतं याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. बु जुमिराहनी आज मला माशाचं डोकंही वाढलं. ती सभ्यता मला सोसत नाही. वरचा निरोप रद्द. पाकलिकांनी बांधला असेल तर सोडावा.

ता. क. (बुधवार, संध्याकाळ) आला. हे लिहिते आहे तर कौलांवर काही ऐकू येत नाही एवढा. योसेपला मी कॅमेरा आण म्हणून ओरडले, तर बॅटरी रिकामी. स्वयंपाकघरात पिन भाताची होती. तेव्हा तोही पाऊस चित्रपटात नाही. पाक सारपान दारात उभे राहून वाफ्यांत नाचणारं पाणी बघत होते. मी म्हटलं, पाक, तुम्हाला एक सांगायचं आहे, सकाळी कॅमेरा चालू नव्हता. ते वळले नाहीत. म्हणाले, "माहीत आहे, म्बाक. लाल दिवा कुठे लागला होता?" मी विचारलं, मग मीठ का उचललंत? त्यावर ते म्हणाले, "तुम्ही इतकं मनापासून सांगत होता. नाही कसं म्हणायचं?" आणि मग, "चहा घ्या हो, निवला." मला रडू आलं, बुलिक. पावसाच्या आवाजात खपून गेलं.

ता. क. एवढं मात्र पाकलिकना सांगावं: शेवटची कावड आत जाईपर्यंत पाऊस धरणारा माणूस म्हणून पुढच्या हंगामासाठी गावाने त्यांनाच ठरवलं आहे. काम चोख झालं म्हणावं. कोणतं काम, असं ते विचारतील. तेव्हा मिरच्यांची पुडी त्यांच्या हातात द्यावी आणि हे पत्र तांदळाच्या डब्यात ठेवावं.