गोलात किसन

अल थुमामा, दोहा
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

सौ. दुर्गाक्कास,

संपतचा नमस्कार. मी इकडे बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत, आणि तानूकाकूंची साखर आटोक्यात आहे का, ते कळव. इथंही थंडी पडलीय. एसीच्या तक्रारी कमी, त्यामुळे आम्हा एसीवाल्यांना जरा उसंत.

हायस्कूलला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून गिरीशनं आजवरच्या सगळ्या फुटबॉल टीममधून सर्वोत्तम अकरा निवडायचं काढलंय. तो आता तिथंच खेळाचा मास्तर आहे, तुला ठाऊकच. नव्व्याण्णवच्या टीमचा कॅप्टन म्हणून मलाही निवड समितीत ओढलं. तिघांची समिती, त्रेचाळीस नावं आणि रोज फोनवर भांडणं. एक बॅकसाठी अडून बसतो, दुसरा म्हणतो त्याच्यापेक्षा त्याचा थोरला भाऊ भारी होता. कोल्हापूरची माणसं आम्ही, फुटबॉलवर एकमत व्हायला नको!

गोलात मात्र वाद झाला नाही. तिघांनीही पहिल्याच फोनवर तुझ्या किसनचं नाव घेतलं.

फोटोखाली छापायला कॅप्टननं दोन ओळी द्याव्यात असं गिरीश म्हणतोय, आणि तूही तेच म्हणालीस. म्हणून लिहितो: ‘किसन, गोलकीपर. अंतिम सामन्यात पेनल्टी अडवून शाळेला ढाल मिळवून दिली. हसरा, जिद्दी, टीमचा लाडका.’ बरं वाटलं तर काकूंना लेकाच्या या ओळी वाचून दाखव.

वर्ल्ड कप इथं झाला तेव्हा मॅच बघितलीस का, असं तू विचारलं होतंस. तिकीट मिळालं होतं, पण ड्युटी निघाली, अर्ध्यातून उठावं लागलं.

फोनवर तू त्या शनिवारचं बोललीस. भांडणात तू किसनला ढकललंस, त्याचं डोकं कपाटाच्या दाराला लागलं आणि मंगळवारी तो गेला. सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतंस म्हणालीस. अक्का, भावंडांत ढकलाढकली व्हायचीच. मनातून काढून टाक. देवाची मर्जी, दुसरं काय.

आमच्या कंपनीतला विजय एकोणीसला सुट्टीवर निघालाय. त्याच्या हाती पत्र देतो.

तुझा,
संपत


अल थुमामा, दोहा
रविवार, १८ जानेवारी २०२६

अक्का,

आधीचं पत्र पाकिटात बंद करून ठेवलं होतं. ते फाडणार होतो. नाही फाडलं. दोन्ही वाच. मी किती सहज खोटं लिहितो, तेही तुला कळू दे.

परवा शुक्रवारी सकाळी आमच्या कॅम्पमागच्या मातीच्या मैदानावर मॅच होती. रत्नागिरीचा रियाज माझ्याच हाताखाली काम करतो. तिशीचा आहे, गोलात उभा राहतो. पुढं येऊन बॉल धरताना समोरच्याचा गुडघा त्याच्या कानामागं बसला. उठला, हसला. पाच मिनिटांनी मला विचारलं, “संपतभाय, स्कोर काय झाला?” सांगितलं. थोड्या वेळानं परत तेच विचारलं.

मी मॅच थांबवली. सगळे चिडले. रियाज म्हणाला, “मला काय नाय झाला. यल्ला, खेळूया.” मी त्याचे ग्लोव्हज ओढून काढले. असा ओरडलो की सगळे मागं सरले. पिकअपमध्ये घालून त्याला हॉस्पिटलला नेला. वाटेत ओकला.

डॉक्टर बाई आपल्याकडचीच होती, हिंदीत बोलायची. डोक्याचे फोटो काढले, एक दिवस ठेवून घेतला. म्हणाली, “आणलंत ते बरं केलंत. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर माणूस जातो. कोवळ्या वयात तर जास्तच.”

मी विचारलं, “सोळाव्या वर्षी?”

“कोण आहे सोळा वर्षांचं?” ती म्हणाली.

मी बाहेर येऊन पिकअपमध्ये बसलो.

अक्का, फायनल रविवारी होती. सेमीफायनल त्याच्या आधी, शुक्रवारी. त्या मॅचमध्ये किसन एकाच्या पायात झेपावला आणि बूट त्याच्या कानामागं लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण बॉल त्यानं सोडला नव्हता. मॅच संपल्यावर आपण किती गोल मारले, असं त्यानं मला दोनदा विचारलं. मग नळाच्या मागं जाऊन ओकला. तिथं मी एकटाच होतो.

म्हणाला, “संप्या, डोस्कं लई ठणकाय लागलंय. सरांना सांगू का?”

मी म्हणालो, “सांगितलंस तर बसवतील की तुला. मग गोलात कोण, मी? एक मॅच काढ. सोमवारी झोप दिवसभर.”

“बरं,” म्हणाला. एवढंच. माझं ऐकायचा तो. मी कॅप्टन होतो ना.

शनिवारी तुमचं भांडण झालं ते तो रेडिओ बंद कर म्हणून मागं लागला म्हणून. तू ढकललंस ते त्यानं मला रविवारी सकाळी हसत सांगितलं होतं. “अक्कानं कपाटावर घातलं, पर तिला काय ठावं माझं डोस्कं आधीच फुटलंय,” असं म्हणाला. मीही हसलो. मग त्याला घरातली डोकेदुखीची एक गोळी दिली.

फायनलला त्यानं पेनल्टी अडवली. बॉल त्याच्या कपाळावर आदळून बाहेर गेला. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. त्याची मान माझ्या डोक्यावर टेकली होती, मला वाटलं लाडात आलाय.

मंगळवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात काकूंनी माझा हात धरून विचारलं, “त्याला आधी काय व्हत हुतं का रं, संपत?” मी म्हणालो, “नाही काकू.”

ते ‘नाही काकू’ मी इथंवर घेऊन आलो. तुमची गल्ली टाळायची म्हणून गावाला येणं कमी केलं. लोक म्हणतात गल्फला गेलेली माणसं घर विसरतात. मी विसरायला आलो होतो, ते जमलं नाही. इथं मैदानं पावलोपावली. रिकामा गोल दिसला की त्यात कोणी उभं आहे का, हे बघितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. वर्ल्ड कपच्या मॅचला ड्युटी वगैरे काही नव्हती. गोलच्या मागं जागा मिळाली होती. पेनल्टी दिली आणि मी जिन्याकडं पळालो.

बूट मारणारा मी नव्हतो. पेनल्टी मारणारा पण नाही. सोळा वर्षांचा होतो, काही कळत नव्हतं, असं मी स्वतःला रोज सांगत आलो. पण काकूंनी विचारलं तेव्हा काय बोलायचं ते मला कळत होतं. आणि नऊ तारखेच्या पत्रात, तू कपाटाचं बोलल्यावरही, मी ‘देवाची मर्जी’ लिहिलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो.

तुझ्या हातून काही झालं नाही. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. मला माहीत आहे म्हणून लिहितोय.

गिरीशला काल नव्या ओळी पाठवल्या: ‘किसन, गोलकीपर. सेमीफायनलला डोक्याला मार लागला होता. त्यानं कॅप्टनला सांगितलं होतं. कॅप्टननं त्याला तरीही खेळवलं.’ तुझा होकार येईपर्यंत छापू नको, असंही कळवलंय. मग त्याचा फोन आला. तो रडत होता. म्हणाला, “आमच्या पोरांना आता मी काय सांगू?” मी म्हणालो, हेच सांग.

काकूंना वाचून दाखवायचं की नाही, ते तुझ्यावर. रियाज बरा आहे, त्याच्या बायकोनं मला फोन करून दुवा दिल्या. त्या घेताना मला कानशिलात बसल्यासारखं झालं.

मार्चमध्ये महिन्याची सुट्टी मिळालीय. पहिल्या दिवशी तुमच्या दारात येईन. आत बोलवलंस तर काकूंच्या समोर बसेन. नाही बोलवलंस तर बाहेरून त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर देऊन जाईन.

शुक्रवारपासून ज्याला माहीत होतं तो,
संपत