एकशे अठरा फुटांवरचा चहा

ब्राह्मणपुरी, तालुका शहादे, जिल्हा धुळे.
मंगळवार, दिनांक १२ नोव्हेंबर १९६३.

पाणबुड्यांच्या नोंदीच्या या वहीत चार वर्षे एक ओळही लिहिली नाही, याबद्दल वहीची क्षमा मागतो. उरलेली पाने मृत्युपत्रास पुरतील असे वाटते.

मी, चुनीलाल धुडकू पाटील, वय ४६, शिक्षण बी.एस्सी., पूर्वीचा धंदा पाणबुड्यांचा शिक्षक, सध्याचा शेती, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, आज तंबाखूखेरीज काही घेतलेले नाही, आणि हे लिहायला मला कुणी भरीस घातलेले नाही. येत्या सोमवारी चिंचपाड्याच्या दवाखान्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. धोका नाही असे डॉक्टर म्हणाले. मीही माणसांना असेच सांगत असे, म्हणून लिहून ठेवतो.

१. राहते घर आणि नदीकाठची केळीची चार एकर जमीन पत्नी तापीबाई हिला. आम्हांला मूल नाही. जमीन विकायची की ठेवायची हे तिने स्वतः ठरवावे. माझा धाकटा भाऊ रूपचंद याचा सल्ला ऐकून घ्यावा आणि तिथेच सोडावा.

२. रूपचंद यास बांधावरचे निंबाचे झाड. ते त्याचे आहे असे तो अकरा वर्षे म्हणत आहे आणि माझे आहे असे मी. मोजणीच्या नकाशात ते त्याच्या बाजूला आहे. हे मला १९५५ पासून माहीत आहे.

३. पाणबुड्याचा पोशाख, शिशाचे जोडे आणि पितळी टोप मी मुंबईच्या गोदीत लिलावात घेतले. टोपात सध्या तापीबाईने लसूण ठेवला आहे. तो तसाच राहू द्यावा. पाण्यात उतरण्यासाठी कुणी टोप मागायला आला तर आधी काच फोडावी, मग द्यावा.

४. पुस्तके गावच्या शाळेला. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात दाबाच्या धड्यावर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, त्या पुसू नयेत. मला तो धडा येत होता एवढेच त्यावरून दिसते.

५. दोधू भोई, राहणार भोईवाडा, आमचेच गाव, याच्याविषयी.

१९५९ साली तापीवर पुलाचे काम चालू होते. खांबासाठी नदीच्या तळात काँक्रीटची पोकळ विहीर उतरवीत नेतात. ती खडकाला अडली की आतल्या पाण्यातून तळाशी माणूस पाठवून अडथळा काढावा लागतो. अशी माणसे तयार करायला मला ठेवले होते. दोधू आणि धडगावकडचा फुलसिंग या दोघांना मी साठ फुटांपर्यंत शिकवले आणि दाखल्यावर लिहिले, ‘कोणत्याही खोलीस योग्य.’ काम अडले होते. साठ फूट जमले तर पुढचे जमेल, असे मी मानले. ‘मानले’ हा शब्द बराच वेळ शोधून लिहिला आहे.

शंभर फुटांच्या खाली साधी हवासुद्धा दाबामुळे माणसाला चढते, दारूसारखी. हे मला मुंबईत शिकवले होते. घाबरतील म्हणून मी त्यांना शिकवले नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये दोधू एकशे अठरा फुटांवर उतरला. हवेच्या पंपावर भोईवाड्यातलाच झिपरू होता, टेलिफोनवर मी. दर दोन मिनिटांनी वरून ‘कसं शे?’ विचारायचे आणि खालून उत्तर घ्यायचे, असा नियम मी केला होता. आपलेपणा वाटावा म्हणून प्रश्न मुद्दाम त्यांच्या बोलीत ठेवला. तीन वेळा उत्तर आले, ‘बरं शे.’ तीन वेळा मी ते वहीत लिहिले. आमच्याकडे कुणी कसं शे विचारले की माणूस बरं शे म्हणतो. माझे वडील शेवटच्या दिवशी सकाळी वैद्याला हेच म्हणाले होते.

चौथ्यांदा विचारले तेव्हा दोधू हसला.

“ओ मास्तर, खाले या ना. चहा मांडेल शे.”

कर्ण्यातून ते सगळ्यांना ऐकू गेले. झिपरू हसला, मुकादम हसला. मीही हसलो आणि म्हणालो, “साखर कमी टाक.” वहीत लिहिले: बरं शे.

पाचव्यांदा उत्तर आले नाही. कमरेचा दोर ओढला, तो रिकामाच वर आला. तुटलेला नव्हता. गाठ हाताने, नीट सोडलेली होती. दोधूचे प्रेत मी स्वतः उतरून वर आणले. तळाशी मलाही दोनदा हसू आले. हे आजवर कुणाला सांगितलेले नाही.

चौकशीत मला विचारले, मृत इसम काही असंबद्ध बोलला काय? मी ‘नाही’ म्हणालो. चहाला बोलावणे असंबद्ध नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. निकाल असा लागला की मृताने दोर स्वतः सोडला, बहुधा मद्याच्या अमलाखाली. गावाने त्यातला ‘बहुधा’ गाळला. दोधूची बायको सुगंधाबाई हिने मला भर पारावर अडवून विचारले होते, “मास्तर, तुम्हीच सांगा, तो पियेल व्हता का?” मी म्हणालो, “चौकशी झाली आहे, बाई.” तेव्हापासून शेतात जायला मी भोईवाड्यातली वाट सोडून नाल्याकडून जातो. अर्धा मैल जास्त पडतो. तिच्या मुलीचे एक स्थळ ‘बाप पिऊन बुडाला’ म्हणून मोडले. दुसरे लोक येत्या शुक्रवारी पाहायला येणार आहेत.

सबब मी असे नमूद करतो की दोधूने दारू घेतली नव्हती. त्याला नशा होती. ती वरून पंपातून आम्ही पाठवत होतो. त्या दिवशीची नोंद असलेली ही वही, चहाचे वाक्य आज माझ्या हाताने घालून व त्यापुढे सही करून, माझ्या पश्चात सुगंधाबाईस द्यावी.

६. फुलसिंग अजून त्याच दाखल्यावर काम करतो. तो दाखला मी रद्द करतो. साठ फूट, अक्षरी साठ. हे त्याला आणि त्याच्या मुकादमाला कालच रजिस्टर पत्राने कळवले आहे, कारण हे माझ्या मरणापर्यंत थांबण्यासारखे नाही. पत्रात आणखी एक गोष्ट लिहिली, ती गेल्या आठवड्यात दवाखान्यात कळली. भुलीचे ईथर देताना रोग्याला शंभरापासून उलटे मोजायला सांगतात. ‘बरं वाटतंय का’ असे का विचारत नाही, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, “त्याला झोपेतही हो म्हणता येतं.” परतताना स्टेशनच्या बाकावर बसून मी दोन गाड्या जाऊ दिल्या.

७. माझी राख तापीत सोडावी. काठावरूनच.

सही करण्यापूर्वी कलम ५ आणि ६ झिपरूला वाचून दाखवली. साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही हे त्याला आधीच सांगितले होते. ते त्याला पटलेले नाही. ऐकता ऐकता त्याने अंगठा शाईत बुडवून ठेवला. मग म्हणाला, “मी बी हासनू ना, मास्तर. ते लिखेल शे का?”

“आहे.”

“आनि फुलसिंगनं थांबासारखं नही म्हनतस. मंग सुगंधाबाईनी कितला दिन वाट देखानी? तुम्ही मरतस तवलोंग?”

या प्रश्नाचे उत्तर वरील कोणत्याही कलमात नाही. कलमे पुन्हा वाचून खात्री करून घेतली आहे.

लिहून ठेवणार: चुनीलाल धुडकू पाटील (सही)

साक्षीदार, यांच्यादेखत मी सही केली व माझ्यादेखत यांनी केली:
१. झिपरू भोई, डाव्या हाताचा अंगठा. शाई जास्त लागली आहे, तक्रार नाही.
२. पितांबर महाजन, शाळामास्तर (सही)

ठिकाण व तारीख सदरप्रमाणे.

उद्याचे काम: वही घेऊन भोईवाड्यातून शेतात जाणे.