पाण्याच्या दिवसाचे आकडे

सर, आज दुपारी माझ्या विद्यार्थिनीनं टेबलावर चार पानं ठेवली आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुम्ही असता तर सरळ तुमच्या खोलीचं दार लोटून आत आले असते आणि तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलं असतं, "आता काय घोळ घालून आली गं?" तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मध्ये शहराचं नावसुद्धा बदललं. घोळ मात्र तुमच्या वेळचाच आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते.

उस्मानपुऱ्यातल्या त्या तीन गल्ल्या आठवतात? घराला घर चिकटलेलं, खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि प्रत्येक बिऱ्हाडात वायफायचा एक डबा. शेजारचा डबा बोलत असला की आपला गप्प बसतो, तो थांबला की आपला बोलतो. इतके डबे एका जागी आले की त्यांचा निम्मा वेळ ताटकळण्यातच जातो. कुणी कुठल्या चॅनलवर आणि किती हळू बोलावं म्हणजे सगळ्यांचं भागेल, याची मांडणी मी केली होती. ती कधी मोजायची ते मात्र तुम्ही सांगितलंत. वर्ष दुष्काळाचं. नळाला आठ दिवसांनी पाणी, तेही किती वाजता येईल याचा भरवसा नाही. त्या दिवशी माणसं रजा टाकून घरी, पोरं दांडी मारून घरी, आणि सगळ्यांचा एक डोळा नळावर, दुसरा मोबाईलवर. "बाकीच्या दिवशी निम्म्या घरांना कुलपं असत्यात," तुम्ही म्हणालात, "रिकाम्या घरात काय मोजणार तू? पाण्याच्या दिवशी जा. त्या दिवशी टिकली तर तुझी मांडणी खरी." मोठमोठ्या पेपरांत शोधून सापडलं नसतं असं हे सांगणं होतं. मी वहीत दोनदा अधोरेखित करून लिहून घेतलं.

आणि गेले नाही. आमची वस्ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण पाण्याचा वार तोच, शुक्रवार. वडील मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरलेले. आई नव्या इमारतींवर विटा वाहायची, तिचा हात प्लास्टरमध्ये. आठ दिवसांचं पाणी भरायला घरात मी एकटी. पहिल्या शुक्रवारी म्हटलं, पुढच्या वेळी जाऊ. असे तीन शुक्रवार गेले. मग एका मंगळवारी मी उस्मानपुऱ्यात गेले, आकडे घेतले आणि तक्त्यात वार लिहिला शुक्रवार. तुम्ही जिन्यात गाठलंत, "पाण्याच्या दिवशी घेतलं ना?" मी म्हणाले, "व्हय सर." खरं सांगितलं असतं तर तुम्ही दोन शिव्या घालून मुदत वाढवून घेतली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण घरी पाणी भरायचं होतं, हे तुमच्या त्या थंडगार लॅबमध्ये उभं राहून सांगायची मला लाज वाटली. आमच्या घरची अडचण तिथं कधीही काढायची नाही, असं मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी तो तक्ता काढला आणि म्हणाले, आकडे जरा जास्तच चांगले आहेत, खात्री काय? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "पोरीनं पाण्याच्या दिवशी उन्हात उभं राहून घेतलेत. माझा शब्द धरा. पुढचं विचारा." त्यांनी पुढचं विचारलं. मग बाहेर येऊन, निकालासाठी थांबलेल्या माझ्या आईला तुम्ही म्हणालात, "तुमची लेक लई जिद्दीची हाय बघा." आई नुसती हसली. शुक्रवारी मी कुठं होते ते तिला ठाऊक होतं, पण तुम्ही कशाबद्दल बोलताय ते तिला कळलं नव्हतं. पुढं दीड वर्षात तुम्ही गेलात आणि सांगायचं राहून गेलं.

आता मी तुमच्यासारखी गाईड आहे. बिडकीनच्या बाजूला एक मोठी वसाहत उभी राहतेय, हजारभर घरांची, आणि तिथं माझीच मांडणी बसवायचं चाललंय. त्याआधी ही मुलगी ती शहरात तपासतेय. पाणी अजून पाळीनंच येतं. मी तिला तुमचाच नियम सांगितला, पाण्याच्या दिवशी जा. ती गेली. खरोखर गेली. आली ती घाबरलेली. "मॅडम, गर्दी झाली की सगळे डबे नुसते ताटकळत बसत्यात. काहीच चालंना. माझंच काहीतरी चुकलं असंल." मी म्हणाले, परत घे. दुसऱ्यांदा तेच आलं, परत घे म्हणाले. तिसऱ्यांदा तर वरच्या आवाजात म्हणाले. तिचं काही चुकलेलं नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आज तिनं चौथ्या वेळचे आकडे आणले. माझ्या आकड्यांशी जवळजवळ तंतोतंत. "आता जुळलं, मॅडम," ती जमिनीकडे बघत म्हणाली. सर, ते जुळूच शकत नाहीत. माझे आकडे कुलूपबंद घरांचे आहेत, पाण्याच्या दिवशी तसे येणं शक्यच नाही. तिनं ते घरी बसून बनवलेत, हे खात्रीनं सांगू शकेल असं माणूस जगात एकच आहे, आणि ते तोंड उघडू शकत नाही. मी "छान" म्हणाले. तिला खोटं बोलायला मीच शिकवलं.

उद्या सकाळी ती सहीसाठी येईल. सही करणार नाही, एवढं ठरवलंय. तुझे पहिल्या तिन्ही वेळचे आकडे खरे होते, हेही तिला सांगायचंय. ते सांगितलं की माझी पदवी, ही नोकरी, सगळ्यालाच धक्का लागणार. तुमच्या शब्दालाही. हे पत्र तुमच्या मुलाला द्यावं असं मघाशी मनात आलं. नाही देणार. त्याच्या घरात तुमचा शब्द अजून खरा आहे. एक गोष्ट उद्या तिला सांगणं मला जमणार नाही, ती इथंच लिहून ठेवते. ते जुळलेले आकडे बघितल्यावर लाज नंतर वाटली, सर. आधी हायसं वाटलं.